धक्का बसला, पण नोंद कोठे आहे?

हिंगोली जिल्ह्याला भूकंपाचे धक्के आता नवे राहिलेले नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. पहिल्याची तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. अशा वेळी कोणी म्हणतो, जमीन अर्धा मिनिट हलली. कोणी म्हणतो, दोनच सेकंद. खरे कोणाचे मानायचे? माझे मत असे की जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत एक नोंदयंत्र, म्हणजे डेटा लॉगर, असावे. आणि त्याची आज्ञावली विद्यार्थ्यांनीच लिहावी.

या यंत्रात गूढ काही नाही. जमिनीत पुरलेल्या जिओफोनमध्ये चुंबकाभोवती स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे असते. जमीन हलली की फॅरेडेच्या नियमानुसार वेटोळ्यात अल्पसा विद्युत्‌दाब निर्माण होतो. तो वाढवून परिवर्तकाकडे दिला की त्याचा आकडा होतो. परिवर्तक १२ बिटांचा असेल तर ५ व्होल्टचे ४०९६ भाग पडतात; म्हणजे एक पायरी सुमारे १.२ मिलिव्होल्टची. त्याहून लहान बदल यंत्राला दिसतच नाही.

आता प्रश्न येतो, आकडा किती वेळाने घ्यायचा? हवेचे तापमान तासातून एकदा नोंदले तरी चालते. भूकंपासाठी सेकंदाला १०० नोंदी हव्यात. दिवसाचे ८६ लाख ४० हजार आकडे झाले! ते साठवायला हल्ली नखाएवढे कार्ड पुरते, पण त्यांतून धक्का हुडकायचा कसा? युक्ती सोपी आहे. गेल्या एका सेकंदातील हालचालीची सरासरी गेल्या अर्ध्या मिनिटातील सरासरीशी ताडून पाहायची. ती अनेक पट वाढली, की यंत्राने खूण करायची. किती पट? दुप्पट ठेवाल तर रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर भूकंप ठरेल. वीसपट ठेवाल तर लहान धक्के निसटतील. हा आकडा स्वतः ठरवून, चुकून, पुन्हा बदलण्यातच खरे विज्ञानशिक्षण आहे. म्हणून नुसते बटण दाबायच्या बंद पेट्या शाळांनी घेऊ नयेत, असे मला वाटते.

घड्याळाकडेही दुर्लक्ष नको. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. दोन शाळांच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक असला, तर धक्क्याचे ठिकाण काही किलोमीटरने चुकते. उपग्रहांवरून वेळ घेणारा लहानसा भाग जोडला की ही अडचण मिटते.

औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ज्या लिगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिची रीतही हीच. अमेरिकेतील लिगो गुरुत्वीय लहरींचा संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदते. १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर तिच्या दोन केंद्रांवर सुमारे ७ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने पोहोचली, हे अचूक घड्याळांमुळेच कळले. शिवाय जमीन, वारा, आवाज यांवर तेथे असंख्य संवेदक पहारा ठेवतात. नाहीतर जवळून गेलेली मालमोटार आणि दूरच्या कृष्णविवरांची टक्कर यांत घोटाळा व्हायचा!

शाळेने जिओफोन मैदानापासून दूरच्या कोपऱ्यात पुरावा. तरीही पहिला आठवडाभर तो बहुधा मधल्या सुट्टीचीच नोंद करील.