हॅमेट कोठून वाचावा?

सॅम स्पेडचे नाव न ऐकलेला रहस्यकथाप्रेमी विरळा, आणि म्हणूनच डॅशिएल हॅमेट वाचू इच्छिणाऱ्यास जो तो 'द माल्टीज फाल्कन'चीच शिफारस करतो. ती गैरवाजवी नव्हे; तथापि १९४१च्या चित्रपटाने हंफ्री बोगार्टची मुद्रा लोकांच्या मनावर इतकी ठसविली आहे की कादंबरीतला सोनेरी केसांचा स्पेड समोर आला तरी त्याची ओळख पटत नाही, तेव्हा नवख्याने आरंभीच त्या वाटेस जाऊ नये, हे बरे.

त्याने प्रथम 'ब्लॅक मास्क' या नियतकालिकामधल्या 'कॉन्टिनेंटल ऑप'च्या कथा हाती घ्याव्यात. हा ऑप बुटका, स्थूल, चाळिशीकडे झुकलेला पगारदार गुप्तहेर. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलेले नाही. हॅमेट स्वतः पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेच्या चाकरीत राहिलेला असल्यामुळे कोण कोणत्या दाराने आला, कोणाच्या खिशात काय निघाले, याचा तपशील तो पंचनामा लिहिणाऱ्या अंमलदाराच्या अलिप्तपणे नोंदवितो. 'रेड हार्वेस्ट' (१९२९) ही याच ऑपची कादंबरी. खाणकामगारांचा संप मोडण्यासाठी एका धनिकाने आणलेले गुंड संप मोडल्यावर शहरातच ठाण मांडून बसतात, आणि त्यांचा बंदोबस्त करावयास आलेला ऑप त्यांना एकमेकांवर घालता घालता आपल्यालाच या रक्तपाताची चटक लागत असल्याचे पाहून हादरतो. आमच्या मराठी रहस्यकथांतल्या झुंजार-काळापहाडांवर वाढलेल्या वाचकास हा नायक कदाचित रुचणार नाही. त्याने तरीही नेट धरावा.

परंतु माझे मत विचाराल तर पहिला मान 'द ग्लास की'चा (१९३१). राजकारणी पुढारी पॉल मॅडव्हिग आणि त्याचा जुगारी मित्र नेड बोमाँट यांच्या या कथेत निवेदक कोणाच्याही अंतःकरणात एकदासुद्धा शिरत नाही. पात्राने मिशीवरून बोट फिरविले, सिगार पेटविला, एवढेच सांगतो, आणि त्यामागचा क्रोध की भय हे आपण ताडावयाचे. शत्रूंनी खोलीत डांबलेला बोमाँट दाराकडे जातो, मार खाऊन कोसळतो, शुद्धीवर येताच पुन्हा दाराकडे जातो, आणि शेवटी गादीला आग लावून निसटतो. हा सारा प्रसंग वाचताना मित्रनिष्ठा हा शब्द लेखकाने एकदाही उच्चारला नाही, याचे भान बऱ्याच उशिरा येते.

एवढे झाल्यावर 'फाल्कन'कडे खुशाल वळावे, आणि स्पेड सांगतो ती फ्लिटक्राफ्टची हकीकत सावकाश वाचावी. बांधकामावरची तुळई अगदी जवळ कोसळल्याने हा गृहस्थ बायकामुलांना सोडून परागंदा होतो आणि पुढे दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने हुबेहूब पहिल्यासारखाच संसार थाटतो. कथानकाशी तिचा काडीचाही संबंध नाही, आणि पुस्तकातील सर्वोत्कृष्ट पाने तीच.

'द थिन मॅन' (१९३४) प्रवासात वाचावयास उत्तम. त्यानंतर हॅमेट १९६१पर्यंत जगला, पण त्याची नवी कादंबरी आली नाही. उरलेली 'द डेन कर्स' मात्र कोणी भेट दिली तरच वाचावी.