दिवंगतांची दृष्टि

मनुष्य परलोकवासी झाला म्हणजे त्याची तसबीर भिंतीवर लावून तीस हार घालण्याची आपल्याकडे चाल आहे. ती चाल चांगलीच आहे. परंतु तसबिरींत त्या माणसाचा चेहरा तेवढा दिसतो. त्यानें स्वतः काढलेलें एखादें डोंगराचें वा समुद्राचें छायाचित्र घेऊन बसावें, तर प्रकार उलटा होतो. तेथें तो कोठेंच दिसत नाहीं. पण जेथें तो उभा होता तेथें आपण उभे राहतों, आणि जें त्याला पाहावेंसें वाटलें तेंच पाहतों. स्मरणाचा हा प्रकार पहिल्याहून कमी योग्यतेचा नाहीं, असें आमचें मत आहे.

कै. गोपाळ बोधे यांचें उदाहरण घ्या. नौदलांत छायाचित्रकाराचें काम केलेल्या या गृहस्थांनीं महाराष्ट्राचे किल्ले व भारताचीं दीपगृहें आकाशांतून टिपलीं. २०१४ सालीं ते निवर्तले. ज्यांनीं त्यांस कधीं पाहिलें नाहीं, तेही तीं चित्रें पाहतांना क्षणभर त्यांच्या शेजारीं बसतात. अमेरिकेंत ॲन्सेल ॲडम्स यांनीं सिएरा नेवाडा पर्वताचीं कृष्णधवल चित्रें जन्मभर काढलीं. १९८४ सालीं ते वारले व पुढच्याच वर्षीं तेथील एका शिखरास त्यांचें नांव देण्यांत आलें.

असे थोर छायाचित्रकार घरोघरीं कोठून असणार, असें कोणी म्हणेल. पण आपल्या रत्नागिरींत कोणाच्या आजोबांनीं रत्नदुर्गावरून, तर कोणाच्या आत्याबाईंनीं भाट्याच्या पुळणीवरून काढलेलीं चित्रें घरीं असतातच. मिऱ्याकडील पांढरा समुद्रच पाहा. तेथील पांढरी वाळू लाटांनीं बरीचशी ओढून नेली व आतां तेथें दगडांचा बंधारा आहे. ज्याच्या घरीं त्या पुळणीचें जुनें चित्र आहे, त्याच्या घरीं गेलेला माणूस व गेलेला किनारा हीं दोन्ही एकाच कागदावर राहिलीं आहेत.

दुःखाची गोष्ट ही कीं, हींच चित्रें आपण ट्रंकेंत टाकतों, आणि कोंकणच्या पावसाळ्यांत त्यांस बुरशी येते. आमच्याच घरीं हें घडलें. वडील बंधूंच्या पश्चात् त्यांची पेटी उघडली, तेव्हां बहुतेक चित्रांची मागची बाजू कोरी होती. एका चित्रांत खाडी, एक होडी व पलीकडे डोंगराची रेघ. आईनें विचारलें, “दादा हें काढतांना कोठें उभा होता रे?” आम्हां कोणासही सांगतां येईना. शेवटीं राजिवड्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलानें त्या डोंगराच्या रेघेवरून जागा ओळखली. त्याच सायंकाळीं आम्हीं आईस तेथें नेलें. ती बराच वेळ उभी राहिली व एवढेंच म्हणाली, “हें बघत होता होय!” त्या दिवसापासून तिचें रडणें थांबलें असें नाहीं, पण तें चित्र ती आतां आल्यागेल्यास आपण होऊन दाखविते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत एक काम करा. घरांतील वडील मंडळींजवळ बसून जुन्या चित्रांच्या मागें मऊ पेन्सिलीनें स्थळ, साल व काढणाराचें नांव लिहून ठेवा. चित्रें कोरड्या जागीं ठेवा. जीं भ्रमणध्वनींत अडकलीं आहेत, त्यांतील निवडक कागदावर उतरवून घ्या. कारण यंत्राचा परवलीचा शब्द पुष्कळदां माणसाबरोबरच जातो. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं विचारल्यास “मग सांगूं” असें म्हणूं नये. सांगणारा आज आहे, तोंवरच विचारण्यांत अर्थ आहे.

आणि एवढें झाल्यावर, तें चित्र हातांत घेऊन एकदां त्या जागीं जाऊन उभे राहा.