पहिला पेला

नाशिकच्या वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात. नवख्याने तिथल्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करावी. ती बहुधा किंचित गोडसर असते. लाल शिराझ नंतर. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. पांढरीत साली आधीच वेगळ्या काढतात. झणझणीत रश्श्याबरोबर तुरट वाइन तिखट आणखी वाढवते, तिथे शेनिनच बरी. पांढरी ८ ते १२, लाल १६ ते १८ अंश सेल्सिअसला प्यावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा युरोपातला सल्ला मे महिन्यातल्या नाशकात निरुपयोगी. तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पेला एकतृतीयांशच भरावा, म्हणजे वास घेता येतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.