मोटारसायकलीचे ॲव्हरेज आणि शेतकऱ्याची पारख

राजमाचीच्या पायथ्याशी, प्राचीन लेण्यांच्या शेजारी वसलेल्या कोंडाण्यासारख्या गावी लहान मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचा कॅन, भाजीची पाटी, बियाण्याची पिशवी आणि वेळप्रसंगी खताचे पोतेही तिच्यावरूनच कर्जतच्या बाजाराकडे जाते-येते. म्हणून पेट्रोलचा खर्च हा शेतीच्याच खर्चात धरला पाहिजे, आणि तो कमी करण्याची धडपड सर्वथा रास्त होय. आमचा आक्षेप आहे तो त्यासाठी पारखल्यावाचून केल्या जाणाऱ्या फेरफारांस.

कोणी पेट्रोलच्या नळीस लोहचुंबक बांधतात. त्याने इंधन अधिक चांगले जळते या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. दाम मात्र खरे मोडतात. दुसरा फेरफार अधिक घातक आहे, तो म्हणजे जुन्या गाडीच्या कार्बोरेटरात लहान जेट बसविण्याचा. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास अजमासे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल थोडे कमी सोडल्यास सपाटीवर काही बचत दिसते हे खरे. परंतु मर्यादा ओलांडली की इंजिन झटके देते आणि भार घेऊन चढताना अतिशय तापते. त्यात हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरातील मिश्रण मुळातच पातळ होते. त्यावर आणखी लहान जेट बसविणे म्हणजे उपाशी बैलाचे वैरण तोडण्यासारखे आहे. ऐन लावणीत पिस्टन धरला, तर वर्षभराची बचत एका दिवसात मेस्त्रीच्या हाती जाते.

येथे हेही ध्यानात घ्यावे की, एक लिटर इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा शेकडा सहा-सात कमी उष्णता भरते. ॲव्हरेज थोडे उतरले की दोष गाडीचाच असतो असे नाही.

चेनचे पुढील चक्र बदलण्याच्या युक्तीत तथ्य आहे, पण तेही जागा पाहून. १४ दात्यांऐवजी १५ दात्यांचे चक्र बसविल्यास तेवढ्याच वाटेस इंजिनाचे फेरे शेकडा सात कमी होतात. कर्जत-नेरळसारख्या सपाट रस्त्यावर याचा लाभ होऊ शकेल. परंतु खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाने चढणारास वारंवार खालचा गियर घ्यावा लागून तो लाभ उरत नाही. गाडी, माणूस व ओझे मिळून २५० किलो वजन ५०० मीटर उंच नेण्यास, इंजिन उष्णतेच्या पाचव्या हिश्शाचाच उपयोग करते असे धरल्यास, केवळ चढाईपोटी अजमासे २०० मिलिलिटर पेट्रोल जळते. ही उंची कोणत्याही युक्तीने कमी होत नाही. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, ती काय हौसेने?

मग करावे काय? टायरमधील हवा आठवड्यास मापाने तपासावी. चेन स्वच्छ, तेलयुक्त व योग्य ताणाची ठेवावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागील चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना हे पाहावे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर साफ करावा. अनावश्यक लोखंडी जोडकाम उतरवावे. यांत गाडीचे काही बिघडत नाही आणि खर्चही नाममात्र आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांच्या गाड्यांत पेट्रोलचे माप यंत्रच ठरविते. तेथे हात घालूच नये. शिवाय नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते.

आमचे मुख्य म्हणणे निराळेच आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रात भाताचे नवे वाण जुन्या प्रचलित वाणाशेजारी लावून पारखले जाते, मगच ते शेतकऱ्याच्या हाती पडते. आपणही एका वाफ्यास खत देऊन शेजारचा तसाच ठेवून पाहतो. हीच कसोटी गाडीस का लावू नये? एकाच पंपावर, गाडी तशीच उभी करून टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा. पुन्हा भरताना लागलेल्या लिटरांनी चाललेल्या अंतरास भागावे. अशा तीन भरण्यांची नोंद आधी आणि तीन नंतर, वाट व ओझे तेच ठेवून घ्यावी. आणि एका वेळी एकच फेरफार करावा.

प्रत्येक गावच्या शेतकरी मंडळाने हवेचे माप दाखविणारा एक पंप आणि अशी एक नोंदवही ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. वहीत उतरलेला आकडा चार जणांना उपयोगी पडेल. चावडीवर ऐकलेला आकडा मात्र एखाद्याचे इंजिन घालवील.