अस्वलाची चित्रफीत आणि विश्वासाचा प्रश्न

पर्यावरण रक्षणासाठी निधी मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या जाहिरातींत प्राणी हमखास असतो. हिमखंडावर अडकलेले ध्रुवीय अस्वल किंवा आई हरवलेले पिल्लू दिसले की प्रेक्षक थबकतो. यांपैकी अनेक दृश्ये त्या संस्थांनी चित्रित केलेली नसतात. चित्रफितींच्या व्यावसायिक संग्रहांतून शुल्क भरून ती घेतली जातात.

यात मुळात गैर काही नाही. चित्रीकरणाचे पथक उत्तर ध्रुवापर्यंत पाठविण्याचा खर्च लहान संस्थेला पेलणारा नसतो आणि देणगीदाराचा पैसा संवर्धनावरच खर्च व्हावा, हेही रास्त आहे. अडचण वेगळी आहे. प्राणी कुठला, ऋतू कोणता, तो मोकळा होता की पाळलेला, हा तपशील जाहिरातीत उरतच नाही. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात बर्फ वितळते आणि अस्वले जमिनीवर येतात. बर्फाविना बसलेले अस्वल हे तिथले नेहमीचे दृश्य आहे. चिंतेची बाब आहे ती हा काळ लांबत चालल्याची. एका चित्रफितीतून ती दिसू शकत नाही.

दृश्य संग्रहातले नसून स्वतः टिपलेले असले, तरी मथळा घात करतो. 'सी लेगसी' या संस्थेचे पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांनी २०१७ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या सॉमरसेट बेटावर एका मरणासन्न अस्वलाचे चित्रीकरण केले. 'नॅशनल जिओग्राफिक'ने त्यावर 'हवामानबदल असा दिसतो' अशा अर्थाची ओळ चढविली. ही चित्रफीत सुमारे अडीच अब्ज लोकांपर्यंत पोहोचल्याचा अंदाज होता. ते अस्वल नेमके कशामुळे खंगले, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. मिटरमायर यांनी २०१८ मध्ये ते लिहून मान्य केले; आपण मर्यादा ओलांडली, अशी कबुली नियतकालिकानेही दिली. हवामानबदल नाकारणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

पाळलेल्या प्राण्यांचे प्रकरण याहून अवघड आहे. अमेरिकेत लांडगे, प्यूमा, हिमबिबटे छायाचित्रकारांना भाड्याने देणारी खासगी केंद्रे आहेत. निर्माते क्रिस पामर यांनी २०१० मधील आपल्या पुस्तकात सांगितले, की नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनसाठी केलेल्या 'वुल्व्हज' या १९९९ च्या आयमॅक्स चित्रपटातील लांडगे असेच भाड्याचे होते. वन्यजीवांसाठी झटणाऱ्या नामांकित संस्थेचीच ही गोष्ट असल्याने ती अधिक बोचते.

वास्तविक, ठोस माहितीची वानवा नाही. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात २०१६ मध्ये ८४२ अस्वले असल्याचा अंदाज होता. २०२१ मध्ये तो ६१८ वर आला. काही अस्वले शेजारच्या भागात गेली असावीत, हेही संशोधकांनी नोंदविले आहे. जाहिरात कंपन्यांना असे 'पण' आवडत नाहीत, हा भाग निराळा.

वृत्तपत्रे जुन्या छायाचित्राखाली 'संग्रहित छायाचित्र' असे छापतात. जाहिरातीच्या कोपऱ्यात 'संग्रहित दृश्य', ठिकाण, वर्ष आणि प्राणी पाळीव असल्यास तसा उल्लेख देण्यास संस्थांना वेगळा खर्च येणार नाही. संग्रहाकडे ही माहितीच नसेल, तर ते दृश्य पुरावा म्हणून वापरू नये.