कोरोनानंतर काम आलं, पण कोणासाठी?

गडचिरोली : मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आपल्याकडचे कित्येक मजूर पायी गावी परतले. त्यानंतर सुरजागडच्या लोहखाणीने वेग घेतला, चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना उभा राहिला. रोजगार जिल्ह्यातच आला, ही जमेची बाजू.

पण खाणीत नुसतं अंगमेहनतीचं काम नसतं. वजनकाट्याची नोंद, स्टोअरचा हिशेब, हजेरी, जीएसटीची बिलं हे सगळं संगणकावर चालतं. गावातही तेच. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा ज्याला ते जमत होतं त्याच्याकडे लोक गेले.

म्हणून एमएस-सीआयटीच्या कागदावर थांबू नका. एक्सेल, टॅली, मराठी-इंग्रजी टायपिंग हातात बसवा. आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेडही याच कामाचा.

अडचण अशी, की भामरागड, एटापल्ली, कोरचीच्या पोरांना यासाठी दूर शहरात खोली करून राहणं परवडत नाही. त्यात नेटवर्कची बोंब. रोजगार मेळावे भरतात, ते चांगलंच आहे. पण मेळाव्याआधी तालुक्यालाच शिकवणी हवी. नाहीतर खाण आपल्या जंगलात, टेबलावर बाहेरचा माणूस आणि आपली पोरं पुन्हा मिरचीला, असंच होईल.