फ्रेंच वाघ आणि मोडीतला नंदी

परवा ऑफिसातल्या एका मित्राने मोबाईलवर फोटो दाखवला. ब्राँझचा वाघ, तावडीत सुसर, खाली 'बारी' अशी सही. "अँटिक फ्रेंच आहे रे, इन्व्हेस्टमेंट!" किंमत ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला.

मंडळी, आज जरा कडू बोलणार आहे. आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) मोठा शिल्पकार, वादच नाही. १८३१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचा हा सुसरीला खाणारा वाघ गाजला. पण त्याची छोटी ब्राँझं मुळात पॅरिसच्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांसाठीच होती. एकाच नमुन्यावरून अनेक ओतायची आणि कॅटलॉग छापून विकायची. तो गेल्यावर बार्बेदिएनच्या कारखान्याने त्याचे नमुने घेऊन आणखी काढली. सही नमुन्यातच असते, त्यामुळे तयार मूर्तीवरून साचा घेणाऱ्या कुठल्याही भामट्याला ती आयतीच मिळते! ब्राँझ थंड होताना आकसतं, म्हणून अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. मित्राने माप घेतलं होतं का? छे, सही बघितली ना!

आपल्याकडच्या जुन्या ओतकामात मेणाचा प्राणी घडवतात, वर माती लिंपतात, भाजून मेण काढतात, धातू ओतायचा आणि शेवटी साचा फोडायचा. दुसरा नंदी हवा? पुन्हा मेणापासून सुरुवात. कॉपी-पेस्ट नाही.

१९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. सगळे भरीव ओतलेले, मिळून साठ किलोंच्या वर. बरेच अभ्यासक ते चार हजार वर्षांच्या आसपासचे मानतात, काळाबद्दल वाद आहेच. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, तिन्ही प्राणी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. बारी पाठ असलेल्या आपल्या किती मित्रांना छबू भिल्ल माहीत आहेत?

साठ किलो धातू हो! मोडीत घातला असता तर?

हसू नका. मी घातलाय. दहावीत असताना आम्ही चाळ सोडून शहाडच्या फ्लॅटमध्ये आलो. आजीच्या देवघरातला नंदी, खंडोबाचा घोडा, साखळीचा पितळी पोपट. आई म्हणाली, नव्या घरात जागा नाही. पिशवी सायकलला लावून भांड्यांच्या दुकानात मीच नेली. दुकानदाराने सगळं एकत्र तराजूत टाकलं, घट कापली आणि मोडीच्या भावात स्टीलचे डबे दिले. डबे घेऊन मी खुशीत घरी आलो. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नंदीच्या जागी तिने सुपारी ठेवली होती.

आता कुणी म्हणेल, मग काय घराचं म्युझियम करायचं? नको. पण पुण्याच्या दिनकर केळकरांनी लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते असलंच सामान आयुष्यभर गोळा केलं आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकलं. त्यात इन्व्हेस्टमेंट कुठे होती?

मित्र म्हणतो, तू जळतोस. असेलही. रविवारी त्याच्या घरी जेवायला बोलावलंय, टेप घेऊन जाणार आहे.